दिल्लीतला समुद्र : घरगुती प्रवाळ मत्स्यालयाचा इतिहास



मुंबईत वाढलेल्या मराठी माणसाला मत्स्यालय म्हटले की तारापोरवाला आठवते. पारशी दानशूर तारापोरवाला यांच्या देणगीच्या साहाय्याने उभे राहिलेले हे मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. मरीन ड्राइव्हचा रस्ता ओलांडला की समोर अरबी समुद्र. तिथे मासे पाहताना हे पाणी आले कुठून, असा प्रश्न मुलांना सहसा पडत नसे.

तोच प्रश्न दिल्लीत पडतो. नोएडा, गुडगाव, गाझियाबाद किंवा द्वारकेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत मऊ प्रवाळ हलताना दिसतात आणि नारिंगी-पांढरा क्लाउनफिश त्यांच्या आसपास फिरत असतो. सर्वांत जवळचा समुद्रही इथून शेकडो किलोमीटर दूर. बाहेर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि जानेवारीच्या पहाटे ५ अंशांच्या खाली. मग या टाकीत समुद्र कुठून आला?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि शेवटी कायदा असे सगळे येते. या पाठात आपण तो क्रमाने पाहू. पाठ वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा : या इतिहासातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर माणसाने समुद्रातून आणावी लागणारी एकेक वस्तू कमी केली. शेवटी कोणती वस्तू उरली, हे आपल्याला शोधायचे आहे.

१. समुद्र वाहून आणण्याचा काळ

समुद्री जीव काचेच्या पेटीत ठेवून त्यांचे पद्धतशीर निरीक्षण करणाऱ्या पहिल्या संशोधकांत झान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच स्त्रीचे नाव घ्यावे लागते. सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहत असताना, १८३२ च्या सुमारास, तिने काचेच्या पेट्या बनवल्या. अर्गोनॉट नावाचा ऑक्टोपससारखा प्राणी आपला शिंपला स्वतः तयार करतो की दुसऱ्याचा बळकावतो, असा तेव्हा वाद होता. तो स्वतःच तयार करतो, हे तिने जिवंत प्राण्यावर प्रयोग करून दाखवले. मेसिना समुद्रकाठी असल्याने पाण्याची चिंता तिला नव्हती.

लंडनमध्ये ती होती. १८४६ मध्ये अॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की इथून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले. घरात समुद्र नव्हता आणि बरणीतले पाणी काही दिवसांत खराब होत असे. तेव्हा त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. रोज अर्धा-पाऊण तास हे काम चाले. ओतताना पाण्यात हवा मिसळे आणि प्रवाळांना प्राणवायू मिळे. आज आपल्या टाकीत पंप जे काम करतो, ते तिथे दोन हात करत होते. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्री वनस्पतीही घातल्या आणि त्यांचे प्रवाळ काही वर्षे जगले.

म्हणजे घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीचा इतिहास माशांपासून नव्हे, प्रवाळापासूनच सुरू होतो. मात्र एक फरक ध्यानात घ्या. थिनबाईंचे प्रवाळ थंड पाण्यातले, एकेकटे राहणारे होते. उष्ण कटिबंधातले, एकमेकांना चिकटून भिंतीच्या भिंती उभारणारे प्रवाळ टिकवायला अजून सव्वाशे वर्षे लागणार होती.

२. समतोलाची कल्पना

त्याच सुमारास लंडनमध्येच नथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने काचेच्या बंद पेटीत झाडे महिनोन् महिने जगतात, हे दाखवले होते. या 'वॉर्डच्या पेट्यां'चा भारताशी थेट संबंध आहे. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली, ती अशाच पेट्यांतून.

पेटीत हवेचे चक्र चालते, तर पाण्यात का चालू नये? रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९-५० मध्ये एका काचपात्रात दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवल्या. माशांचा कार्बन डायऑक्साइड वनस्पती वापरते, वनस्पतीचा प्राणवायू मासे घेतात आणि सडलेली पाने गोगलगायी खातात. पाणी न बदलता ही व्यवस्था टिकली. मत्स्यालय म्हणजे समतोल, ही कल्पना इथून रूढ झाली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले. पाहता पाहता ब्रिटनच्या मध्यमवर्गीय घरांत काचेच्या टाक्या ठेवण्याची लाटच आली.

३. मिठाचा हिशेब

टाक्यांना समुद्राचे पाणी हवे आणि ते बैलगाडीने किंवा रेल्वेने आणणे महाग. म्हणून गॉसने पाणी घरी तयार करण्याची कृती दिली. तिच्यात चार क्षार होते : साधे मीठ, एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. समुद्रात अल्प प्रमाणात असणारी कॅल्शियमची संयुगे त्याने नगण्य मानून वगळली. काही आठवड्यांच्या निरीक्षणाला ती चूक दिसत नाही. पण प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. कॅल्शियम नसलेल्या पाण्यात प्रवाळ वाढवणे म्हणजे सिमेंटशिवाय बांधकाम करणे.

या कृतीमागचे पक्के शास्त्र नंतर मिळाले. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरचे समुद्र पालथे घातले. तिथून आलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण विल्यम डिटमार याने करून १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा : पाणी कमीजास्त खारट असेल, पण त्यातल्या प्रमुख क्षारांचे आपसातले प्रमाण जगभर जवळजवळ सारखेच असते. हा निष्कर्ष आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. प्रमाण ठरलेले असेल, तर समुद्र कोरड्या पूडीच्या रूपात पिशवीत भरता येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी तयार मिश्रणे बाजारात आली आणि समुद्रापासून दूर असलेल्या शहरांना खाऱ्या पाण्याची टाकी परवडू लागली.

४. वडील आणि मुलगा

वॉरिंग्टनच्या समतोलात एक पात्र राहून गेले होते. मासे अमोनिया टाकतात आणि अमोनिया विषारी असतो. वनस्पती थोडा अमोनिया घेतात, पण एवढ्याने टाकी चालत नाही. मग तो जातो कुठे?

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्यून्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूतून सांडपाणी झिरपवताना पाहिले की अमोनियाचे नायट्रेट होते. वाळूवर क्लोरोफॉर्म सोडला की क्रिया थांबते. म्हणजे हे काम सजीवांचे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात यावर पुढचे काम झाले. ही क्रिया दोन पायऱ्यांत होते, आधी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट, हे तिथे ज्याने दाखवले त्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच होते. सोनमासे पाळणाऱ्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. वडिलांच्या काचपात्रात जे जिवाणू न दिसता राबत होते, त्यांचे काम मुलाने शेतातल्या मातीत ओळखले. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की याने ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

आज नवी टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे तिच्यात मासा सोडू नये असे सांगतात, त्याचे कारण हेच. या काळात जिवाणू दगडांवर आणि वाळूवर वस्ती करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, हे चाचणीत दिसले की मगच पहिला मासा. दिल्लीकरांना अमोनिया हा शब्द वर्तमानपत्रातून ओळखीचा आहे. यमुनेत अमोनिया सुमारे १ पीपीएमच्या वर गेला की वझिराबाद आणि चंद्रावल इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांचे काम मंदावते किंवा थांबते आणि नळ कोरडे पडतात. नदी आणि टाकी यांचा प्रश्न एकच : घाण किती आणि ती पचवणारे जिवाणू व प्राणवायू किती.

५. उष्ण कटिबंधातले प्रवाळ का मरत?

मीठ मिळाले, जिवाणू कळले, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टाकीत आणलेले रीफचे प्रवाळ काही आठवड्यांत मरत. लोक त्यांचे वाळलेले पांढरे सांगाडे शोभेला ठेवून समाधान मानत.

अडचण प्रवाळाच्या स्वभावात होती. या प्रवाळांच्या शरीरात झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. म्हणजे रीफचा प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याची गरज शेतातल्या पिकासारखी असते. मंद दिव्याखाली तो उपाशी मरतो, आणि माशांच्या घाणीने भरलेल्या पाण्यातही तो टिकत नाही.

मार्ग तीन ठिकाणांहून निघाला. जाकार्तामधल्या ली चिन एंग याने १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. यंत्रे बाजूला ठेवून त्याने टाकीत समुद्रातला सच्छिद्र खडक ठेवला. या खडकाच्या छिद्रांत जिवाणू, शैवाल आणि बारीक जीव असतात, म्हणून त्याला जिवंत खडक म्हणतात. पाणी हलते ठेवायला हवेचे बुडबुडे आणि वरून ऊन, एवढ्यावर त्याचे प्रवाळ जगले. पुढच्या दशकांत बर्लिनच्या हौशी मंडळींनी याला प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमर यांची जोड दिली. स्किमरचे तत्त्व सोपे आहे. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला सेंद्रिय घाण चिकटते, फेस वर चढतो आणि पेल्यात जमतो. घाण सडून अमोनिया होण्याआधीच बाहेर जाते. खाणकामात धातुक शुद्ध करण्यासाठी फेसाचा असाच उपयोग करतात, हे तुमच्यापैकी काहींनी शिकले असेल. तिसरे नाव स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर ऐडी याचे. १९८० मध्ये त्याने संग्रहालयात उभारलेल्या रीफमध्ये पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम मुद्दाम वाढवलेल्या शैवालाकडे सोपवले.

बर्लिनच्या पद्धतीने आणखी एक गोष्ट दाखवली. टाकीत प्रवाळ नुसता जगत नाही, वाढतो. वाढला की त्याची फांदी तोडून दुसऱ्याला देता येते, जशी आपल्याकडे शेजाऱ्याला जास्वंदीची फांदी देतात. बर्लिनच्या डीट्रिच श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या एका प्रवाळाच्या फांद्या अशा हातोहात अनेक देशांत गेल्या. या गोष्टीकडे आपण पाठाच्या शेवटी परत येणार आहोत.

६. दिल्लीतली टाकी

आता हा सगळा इतिहास एका टाकीत बसवून पाहू. टाकी २०० लिटरची धरा.

पाणी : एनसीआरमध्ये अनेक सोसायट्यांत बोअरवेलचे पाणी येते आणि ते जड असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. माणसाला चालणारे हे पाणी टाकीला चालत नाही, कारण त्यात नायट्रेट, फॉस्फेट, क्लोरीन काय आणि किती आहे याचा भरवसा नसतो. म्हणून आधी आरओ लावून पाणी जवळजवळ कोरे करायचे. आरओची व्यवहार्य पातळ चाळणी १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवली. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी काढणे हा तिचा हेतू होता. दिल्लीतला मत्स्यपालक तीच चाळणी वापरून समुद्राचे पाणी तयार करायची सुरुवात करतो. पण घरगुती आरओ एका लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी सोडून देते, हेही हिशेबात धरा. ते बादलीत साठवून फरशी पुसायला वापरावे.

मीठ : खारेपणा किलोमागे ३५ ग्रॅम हवा. २०० लिटरला सुमारे ७ किलो मिश्रण लागते. दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे २० लिटर पाणी बदलले, तर वर्षाला ३६ किलोच्या आसपास मिश्रण होते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात आयोडीन घातलेले असते आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम नसते. प्रवाळासाठी कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएमच्या दरम्यान ठेवतात. गॉसने सोडून दिलेला क्षार तो हाच.

बाष्पीभवन : नवशिके इथे हमखास चुकतात. पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर कुणी भर घातली नाही, तर १७२ लिटर उरते आणि खारेपणा ३५ वरून जवळजवळ ४१ वर जातो. ही भर आरओच्या गोड्या पाण्याने घालायची. खारे पाणी घातले तर खारेपणा आणखी वाढतो.

उष्णता : पाणी २५ ते २७ अंशांत हवे. २०० लिटर पाणी एका अंशाने थंड करायचे म्हणजे सुमारे ८४० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पाव युनिट उष्णता बाहेर काढायची. शिवाय दिवे आणि पंप पाणी तापवतच असतात. उन्हाळ्यात चिलर आणि हिवाळ्यात हीटर, अशी दोन्ही उपकरणे लागणारी शहरे थोडी. दिल्ली त्यांतली एक.

वीज : जून महिन्याच्या दुपारी तीन-चार तास वीज गेली की पंप थांबतो. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यामुळे संकट दुहेरी. निदान एक पंप इन्व्हर्टरवर हवाच. तोही बंद पडला, तर थिनबाईंच्या मोलकरणीचा उपाय आहे : मग घ्या आणि पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत राहा. मी एका रात्री दोन तास हे केले आहे. टाकी वाचली.

७. किनाऱ्याने मोजलेली किंमत

आतापर्यंतची गोष्ट प्रगतीची वाटली असेल. तिची दुसरी बाजू गॉसच्या मुलाने लिहून ठेवली आहे. एडमंड गॉस याने १९०७ मध्ये वडिलांविषयी पुस्तक लिहिले. वडिलांच्या पुस्तकांनी लोकांना समुद्रकाठची खळगी पाहायला शिकवले आणि मग संग्राहकांच्या झुंडींनी तीच खळगी रिकामी केली, असे त्यात आहे. वडिलांना याचे फार दुःख झाले होते.

उष्ण कटिबंधात हेच मोठ्या प्रमाणावर झाले. मासे, प्रवाळ आणि जिवंत खडक रीफवरून उचलले जाऊ लागले. प्रवाळाची वाढ सावकाश होते आणि तापलेल्या समुद्रात तो आधीच संकटात आहे. १९९८ मध्ये पाणी तापल्याने जगभर प्रवाळ पांढरे पडले आणि लक्षद्वीपलाही त्याचा मोठा फटका बसला.

भारताने या प्रश्नावर कठोर भूमिका घेतली. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रवाळ वाघाच्या पंक्तीला बसला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. महाराष्ट्रातली दोन उदाहरणे पाहा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत, तिथे १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या थोड्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेला आधी वन्यजीव खात्याची परवानगी घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जे लागू, ते आपल्या घरातल्या टाकीला लागू नाही असे कसे म्हणता येईल?

मला एकदा एका विक्रेत्याने फांदीदार कठीण प्रवाळ दाखवला. "सर, एकदम ताजा, समुद्रातला." कागद मागितल्यावर तो हसला. दिसायला तो प्रवाळ माझ्या टाकीतल्या सगळ्या जीवांपेक्षा सुंदर होता. मी तो घेतला नाही, पण निघायला पाच मिनिटे लागली हेही खरे.

मग भारतातल्या हौशी माणसाने करायचे काय? कठीण प्रवाळ घरी ठेवायचे नाहीत. समुद्रातून उचललेला जिवंत खडक बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो, म्हणून त्याऐवजी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्यायचे. जिवाणूंना दोन्ही सारखेच. झोअँथस आणि छत्रीसारखे मऊ प्रवाळ पहिल्या अनुसूचीत नाहीत, पण परदेशी जीवांच्या आयातीला परवानगी आणि कागद लागतातच. म्हणून दुसऱ्याच्या टाकीत वाढलेली फांदी मागणे सर्वांत चांगले. क्लाउनफिश तर हॅचरीत जन्मलेलेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचे बंदिस्त प्रजनन यशस्वी करून दाखवले आहे.

सारांश

१८४६ मध्ये टाकीसाठी समुद्रातून सगळेच आणावे लागे : पाणी, क्षार, जिवाणू, खडक, प्राणी. आज पाणी नळाचे, क्षार पिशवीतले, जिवाणू टाकीत वाढवलेले, खडक भट्टीत भाजलेला आणि ऊन एलईडीचे. उरतात ते प्राणी, आणि प्राणी टाकीतच वाढवण्याचे ज्ञानही गेल्या पन्नास वर्षांत जमा झाले आहे. त्यामुळे समुद्रातून एकही जीव न उचलता प्रवाळ-टाकी उभारणे आता शक्य आहे. ते प्रत्यक्षात येते की नाही, हे विकत घेणारा कागद मागतो की नाही यावर ठरेल.

स्वाध्याय

१. गॉसच्या कृतीत कॅल्शियम नसूनही ती तेव्हा यशस्वी का वाटली असेल?
२. १२० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडते. दहा दिवस भर न घातल्यास ३५ चा खारेपणा किती होईल?
३. डिटमारचा निष्कर्ष चुकीचा असता, तर दिल्लीत प्रवाळ-टाकी ठेवता आली असती का? कारणे द्या.
४. तुमच्या गावच्या पाण्याचा टीडीएस मोजा. त्यापासून टाकीचे पाणी तयार करताना किती पाणी वाया जाईल, याचा अंदाज करा आणि ते कशाला वापरता येईल ते लिहा.
५. वन्यजीव कायद्यात प्रवाळ आला नसता, तर भारतातल्या या छंदाचे स्वरूप आज कसे असते? वर्गात चर्चा करा.